रिंग वाढली

महानंदा गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, मी तिथंच होतो. तिच्या खाटेच्या उशाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात मोबाइल धरून. मला जी बातमी मिळाली ती दुसरीच होती. ती आनंदाची होती, आणि ती आली तेव्हा जिच्यासाठी ती होती तिला ऐकू येतंय की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण मी वर्गात उशिरा येणाऱ्या पोरांवर आयुष्यभर वापरली. तिचा अर्थ मला या उन्हाळ्यात कळला. आता काही महिने झालेत. लोक म्हणतात, सर, लिहा, मन हलकं होईल. माझं मन हलकं व्हावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. जे झालं ते कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून लिहितोय.

महानंदा आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, मी भौतिकशास्त्र. त्याआधी आम्ही दोघं त्याच कॉलेजात एका वर्गात शिकलो. मी मंद्रूपचा, एसटीनं येऊन-जाऊन करणारा. ती सोलापुरातल्या मंगळवार पेठेतली, वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, बांगड्यांच्या दुकानावरच्या माडीवर राहणारी. आई लहानपणीच गेलेली, घरात ही आणि अप्पा. घरात कानडी, दुकानात गिऱ्हाईक बोलेल ती भाषा. काचेच्या बांगड्यांनी भिंती भरलेल्या त्या दुकानात एक नियम होता, आणि तो अप्पांनी गिऱ्हाइकांनासुद्धा कधी मोडू दिला नाही. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही. आपल्याकडं घरोघरी बायका तसं म्हणत नाहीत, बांगडी वाढली म्हणतात, हे वाचकांना मी सांगायला नको. पण अप्पांचा कटाक्ष भारी. शाळकरी पोर जरी म्हणाली, “काका, फुटली,” तरी अप्पा तिचा हात हातात तसाच धरून म्हणायचे, “फुटली न्हाय म्हणायचं, बाळ. वाढली म्हणायचं. म्हण बगू.” पोर म्हणेपर्यंत दुसरी बांगडी हातात चढायची नाही.

ही सवय महानंदानं कॉलेजात आणली. पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला तिच्या हातून काचेची ब्युरेट पडली आणि ही जाऊन सरांना गंभीरपणे म्हणाली, “सर, ब्युरेट वाढली.” सर म्हणाले, “किती वाढली? मोजून आण.” सगळा वर्ग लोळला. पुढे ती स्वतःच मॅडम झाली, पीएच.डी. बाहेर करून अप्पांसाठी सोलापुरात परत आली, कॉलेजच्या तळमजल्यावर कोपऱ्यातल्या एका अडगळीच्या खोलीची तिनं प्रयोगशाळा केली, आणि तिथं तो शब्द कायद्यासारखा लागू झाला. परीक्षानळी वाढली, फ्लास्क वाढला, कंडेन्सर वाढला. नवीन विद्यार्थी आधी हसायचे, मग महिन्याभरात तसंच बोलायला लागायचे. एकदा बाहेरून तपासणीला समिती आली होती, त्यातल्या एका गृहस्थांना शिपाई म्हणाला, “यंदा काचसामान लई वाढलंय, साहेब.” गृहस्थ म्हणाले, “वा, छान, अशीच प्रगती करा.” महानंदानं तोंडात पदराचा बोळा कोंबून हसू दाबलं होतं. हा किस्सा मी इतक्या जणांना सांगितलाय, इतक्या वेळा हसून सांगितलाय... आता तो सांगताना तोंड कडू होतं.

ती काय करत होती ते सोप्यात सांगतो. सात क्रोमियमचे अणू आणि एक निकेलचा, असे आठ जण गोल उभे राहतात आणि त्यांच्याभोवती सेंद्रिय आम्लाचं वेष्टन असतं. असा एक रेणू म्हणजे एक कडं. प्रयोगशाळेत आम्ही त्याला रिंग म्हणायचो. त्यातला प्रत्येक धातूचा अणू हा एक इवलासा लोहचुंबक. शेजाऱ्यानं वर तोंड केलं की हा खाली करणार, असा त्यांचा स्वभाव. आठही सारखे असते तर बेरीज शून्य आली असती. पण निकेलचा चुंबक क्रोमियमपेक्षा दुबळा, त्यामुळे शेवटी थोडं काहीतरी शिल्लक राहतं, आणि त्या शिल्लकीत सगळी गंमत आहे. उद्याच्या संगणकाची एकेक खूण अशा एकेका कड्यात ठेवता येईल का, हे बघायला जगभरचे लोक या कड्यांच्या मागे लागलेत. असलं कडं महानंदानं पहिल्यांदा केलं असं मी म्हणणार नाही. तिनंही कधी म्हटलं नाही. तिचं म्हणणं वेगळं होतं. संगणकात वापरायचं तर कडं कशावर तरी बसवलं पाहिजे. तिनं आपल्या कड्याला गंधकाची एक आकडी लावली, कारण गंधक सोन्याला धरून राहतं, आणि सोन्याच्या पातळ पत्र्यावर आपल्या कड्यांचा एकच थर बसवला. ती म्हणायची, सोन्यावर कडं अख्खं राहतं, आणि त्यातलं निकेल बाकीच्यांच्या उलटंच उभं राहतं. जाणकार म्हणायचे, शक्य नाही, सोन्यावर बसताना ते मोडत असणार, तुमच्या पत्र्यावर आहे तो नुसता चुरा.

हे ठरवायचं कसं? आपल्याकडचं चुंबकत्व मोजायचं यंत्र सगळ्यांची मिळून बेरीज सांगतं. वर्गात गोंगाट चाललाय एवढं कळतं, कोण बोलतंय ते कळत नाही. क्ष-किरण मात्र हजेरी घेतो. क्रोमियमची ऊर्जा वेगळी, निकेलची वेगळी, ज्याचं नाव पुकाराल तोच उत्तर देतो. त्यातही क्ष-किरण एकदा उजवा पीळ देऊन सोडायचा आणि एकदा डावा पीळ देऊन. चुंबक झालेला अणू दोन्ही सारखे शोषत नाही, आणि त्या फरकावरून त्याचं तोंड वर आहे की खाली हे समजतं. मी तिला चिडवायचो, “हातच्या काकणाला आरसा कशाला?” ती म्हणायची, “माझं काकण आरशातच दिसतंय की रे. आणि आरसा गावात न्हाई, देशाबाहेर हाय.” असे क्ष-किरण देणारं ते यंत्र म्हणजे एखाद्या गावाएवढं. तिथं काही दिवसांची पाळी मागायला अर्ज करावा लागतो, आणि जगभरचे अर्ज येतात. तिचे अर्ज परत येत राहिले. एका परीक्षकानं लिहिलं होतं की अपुऱ्या सोयींच्या प्रयोगशाळेत बनलेल्या नमुन्यावर असल्या यंत्राचा वेळ घालवणं बरोबर नाही. तो कागद तिनं मला दाखवला तेव्हा मी शिव्या दिल्या. ती म्हणाली, “खोटं काय लिवलंय त्यानं? सोयी अपुऱ्याच हायत.”

होत्याच. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि तिच्या उकळण्याच्या प्रयोगाला गार पाणी सतत वाहतं लागायचं. तिनं घरच्या डेझर्ट कूलरचा पंप काढून बादलीत सोडला आणि तेच पाणी फिरवलं. बादलीत बर्फ टाकायला रसवंतीवाल्याशी ओळख केली. त्या आम्लाचा वास असा जहाल, बोकडासारखा उग्र, की सिटी बसमध्ये तिच्या शेजारची बाई उठून उभी राहायची. उन्हाळ्यात आपल्याकडं खोलीतच भट्टी पेटते. तिच्या स्फटिकाच्या नळ्या माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या असायच्या, एखाद्या बाळंतिणीच्या बाळासारख्या, आणि त्यांना कुणी हात लावला तर ती अंगावर यायची. मग कधीतरी एके दिवशी नळीच्या तळाशी हिरवे कण दिसायचे. ती ते अप्पांना दाखवायला दुकानात घेऊन जायची. अप्पा ती नळी उजेडाकडं धरून म्हणायचे, “रंग झ्याक हाय. माप काय ह्याचं?” ती म्हणायची, “अप्पा, ही कुणाच्याच हातात चढत न्हाई.” “मंग करती कशाला?” असं विचारून अप्पा स्वतःच हसायचे, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे की माझी पोर बी बांगड्याच करते, पर लई बारक्या.

पाळी मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा तिच्या पोटात दुखायला लागून बरेच दिवस झाले होते. तपासण्या झाल्या. दुखणं स्वादुपिंडाचं निघालं, आणि ते इतकं पसरलेलं होतं की डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, जे सांगायचं ते खाली बघत सांगितलं. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. हिच्या बाबतीत दोघांनी एकाच आठवड्यात काम उरकलं. मी म्हणालो, पाळी पुढे ढकलू. ती म्हणाली, “पुढं म्हंजे कुटं, सुधाकर?” मग ठरलं की लावण्या जाईल. लावण्या तिची संशोधक विद्यार्थिनी, विणकराच्या घरातली तेलुगू मुलगी, विमानात कधी न बसलेली. महानंदानं खाटेवर पडल्या पडल्या तिला सगळं पढवलं. किरण एकदम मोठा सोडू नको, तो स्वतःच कडं मोडू शकतो. एकाच जागी फार वेळ ठेवू नको, जागा बदलत राहा. आधी नुसतं सोनं मोज, मग रिंग मोज. थंड करताना घाई नको... लावण्या मान हलवत रडत होती. महानंदा तिला म्हणाली, “रडायचं असंल तर आल्यावर रड. तितं हात थरथरला तर काय करशील?”

लावण्या गेली आणि इकडं महानंदा दवाखान्यात दाखल झाली. दुखणं आता असं वाढलं होतं की... बघा, हा शब्द माझ्या लेखणीला सोडत नाही. कळा यायच्या तेव्हा ती खाटेचा लोखंडी गज धरायची. डॉक्टर म्हणाले, जास्त ताकदीचं इंजेक्शन सुरू करू, गुंगी राहील, पण दुखायचं कमी होईल. ती नको म्हणाली. गुंगीत बातमी आली तर आपल्याला कळणार नाही, याची तिला भीती. “एवढं कळू दे, मग काय पायजे ते टोचा.” मी हात जोडले. तिच्यावर ओरडलोसुद्धा, की कड्याचं जे व्हायचं ते तू जागी असलीस काय नि झोपलीस काय, होणारच आहे. ती कळ ओसरू देऊन म्हणाली, “ते व्हईल. मला कळायला नगं व्हय?” तिनं सहन केलेलं मी समोर बसून पाहिलंय, आणि देवाधर्माचं माझं जे काही थोडंफार उरलं होतं ते त्या खुर्चीवर बसल्या बसल्या संपलं.

दुपारी फोन आला तेव्हा अप्पा जेवायला घरी गेले होते. नंबर परदेशातला. मी स्पीकर लावून फोन तिच्या उशाशी धरला. आवाज एका तरुण पुरुषाचा होता. मी इथं यंत्रावर काम करतो, मूळचा नागपूरचा, लावण्या आत आहे, तिचे हात नमुन्यात अडकलेत, तिनं तुम्हाला कळवायला सांगितलंय, असं त्याचं बोलणं तुटत तुटत आलं. मागं पंपांची घरघर. त्यातून तो ओरडून बोलत होता, त्यामुळे तो आनंदानं ओरडतोय की घाबरून, हे समजायला मार्ग नव्हता. “मॅडम, थंड केलं... थंड केल्यावर रिंग... रिंग वाढली मॅडम!” आणि फोन बंद पडला.

तिथं नेमकं काय झालं होतं ते आता सांगतो. पडद्यावर दोन रेषा होत्या. नुसत्या सोन्याच्या रेषेचं नाव त्यांनी ठेवलं होतं सोनं, आणि कडी बसवलेल्या सोन्याच्या रेषेचं नाव रिंग. नमुना जसजसा थंड होत गेला तसतशी रिंगची रेषा उंच होत गेली. कडी अख्खी होती म्हणूनच ती उंच झाली. त्या बिचाऱ्या नागपूरच्या मुलानं जे डोळ्यांनी पाहिलं ते, आपल्या भाषेत, आपल्या माणसाला आनंदानं सांगितलं. रिंग वाढली.

महानंदानं ऐकलं ते अप्पांच्या दुकानातलं. मीही तेच ऐकलं. गरम काच एकदम थंड पाण्यात घातली की तडकते, हे तर पोरासोरांना ठाऊक असतं; थंड केलं आणि वाढली म्हटल्यावर आम्हाला दुसरा अर्थ सुचलाच नाही. तिनं छताकडं बघत तो शब्द एकदा उच्चारला. “वाढली.” मग कानडीत म्हणाली, “होतु बिडु.” गेलं, सोड. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “अगं, दुसरा तुकडा आहे की तिच्याकडं. तो लावतील. पुन्हा बनवू आपण.” ती म्हणाली, “आपण म्हंजे कोण?” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं म्हणाली, “त्यो परीक्षक बरुबर बोलला हुता बग.” आणि मग, “सिस्टरला बोलीव. इंजेक्शन घेते आता.”

मी उलट फोन लावत राहिलो, लागला नाही. लावण्याला निरोप टाकला, की फोन आला होता, मॅडमना सांगितलं, तू मनाला लावून घेऊ नकोस. तिचं उत्तर आलं ते दोन जोडलेले हात आणि एक हिरवं बदाम. मला वाटलं, पोर माफी मागतेय. तिला वाटलं, मॅडम खूश झाल्या. इंजेक्शनचा असर चढत होता तेव्हा महानंदानं माझा हात शोधला आणि पुटपुटली, “पोरीला बोलू नगंस. तिचा हात लई हलका हाय.” तिचं हे शेवटचं बोलणं. एवढं दुखत असताना, सगळं मोडलं असं मनाशी धरून, ती दुसऱ्याच्या पोरीची काळजी करून झोपली. त्यानंतर ती नीट जागी झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यासमोरच्या गाड्यावर चहा घेत होतो. लावण्याची ईमेल आली. सोबत आलेख. क्रोमियमचं टोक वर, निकेलचं खाली, स्पष्ट, पहिल्या वर्षाच्या पोरालाही वाचता येईल असं. खाली तिनं लिहिलं होतं की मॅडम, रिंग शाबूत आहे, निकेल उलटंच उभं आहे, तुम्ही म्हणालात तसंच. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कालच्या फोनमधला शब्द डोक्यात उलगडला. कप तिथंच टाकून पळालो. या वयात मी जिना कसा चढलो मला आठवत नाही. तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, महानंदा, रिंग... आणि पुढे शब्दच सापडेना. वाढली नाही म्हणावं? तिच्या बापाच्या दुकानातला तो अर्थ तिला लागेल की नागपूरचा? त्या शब्दावर आता माझा कवडीचा भरवसा नव्हता. शाबूत आहे म्हणालो, अख्खी आहे म्हणालो, काही हालचाल नाही. मग मी तो दुसरा शब्द बोललो, जो तिच्यासमोर मी जन्मात वापरला नव्हता. “रिंग फुटली नाही! ऐकतेयस का? फुटली नाही! फुटली नाही गं!”

वॉर्डातली माणसं वळून बघत होती. दारात अप्पा उभे होते, हातात पेजेचा डबा. आत येऊन त्यांनी माझा दंड धरला. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. “सुधाकरा! काय बोलतुयास हे? माझी पोर हाय ती. तिच्या कानात फुटली म्हणू नगं.” काय सांगणार होतो त्यांना? तिच्या पापण्या हलल्या असं मला दिसलं होतं. मी सिस्टरना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, “सर, पापण्या पहाटेपासून तशाच हलतायत. त्याचा काही अर्थ नसतो.” दुपार कलताना ती गेली.

माडीवर आणल्यावर नातेवाईक जमले. अप्पांनी दुकानातून हिरव्या बांगड्या वर मागवल्या. कुणीतरी कुजबुजलं, लग्न न झालेलीला हिरवा चुडा कशाला. अप्पांच्या कानावर ते गेलं. “अख्खा जल्म बांगड्या भरन्यात गेला माजा. कुनाच्या हातात भरायच्या ते कुनाला इचारलं न्हाय मी,” एवढंच म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्या डोळ्यांना आता फार दिसत नाही, पण हाताला सगळं दिसतं. तिचा हात त्यांनी साबणाच्या पाण्यानं ओला केला, बोटं एकत्र आणली, अंगठ्याच्या मुळाशी दाबत दाबत एकेक बांगडी सरकवू लागले. हात ताठ झालेला होता. अप्पा सवयीनं बोलून गेले, “सैल सोड, बाळ. हात सैल सोड.” बोलले आणि थांबले. त्या खोलीत तेव्हा जो हुंदका उठला तो माझा होता हे मला नंतर बायकोनं सांगितलं. दोन्ही हात भरले. एकही बांगडी... जाऊ दे, मला कुठला शब्द लिहावा कळत नाही. सगळ्या नीट चढल्या.

लावण्या परत आली ती विमानतळावरून गाडी करून थेट कॉलेजात. महानंदा गेल्याचं तिला तिथं असतानाच कळवलं होतं. ती मला म्हणाली, “पण सर, मॅडमना कळून गेलं, एवढं तरी झालं.” मी मान हलवायला हवी होती. मला जमलं नाही. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, “त्या सरांनी फोनवर काय म्हटलं?” मी सांगितलं. ती महानंदाच्या हाताखाली शिकलेली, तिला समजवावं लागलं नाही. ती खाली फरशीवर बसली. बसल्या जागेवरून म्हणाली, “मी त्यांना इंग्लिशमधनं सांगितले होते सर, रिंग इज सेफ म्हणून. मॅडम मराठी आहेत तर मराठीतनंच सांगतो, बरं वाटेल त्यांना, असं म्हणले ते.” त्या मुलावर मला रागावता येत नाही. कुणावरच येत नाही, आणि राग ठेवायला जागा नसली की तो कुठं जातो हे मला आता चांगलं माहीत झालंय. लेख लवकरच छापून येईल. त्यावर तिचं नाव पहिलं असेल आणि नावापुढे एक छोटी फुली असेल, गेलेल्या माणसाची. परीक्षक या वेळी खूश आहेत. फार सुंदर काम, असं त्यांनी लिहिलंय. मी तो कागद कुणाला दाखवू?

गेल्या आठवड्यात दुकानात गेलो होतो. अप्पा गादीवर बसले होते. मी बसल्यावर इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्यांनी विचारलं, “सुधाकरा, तवा दवाखान्यात तू तिच्या कानात काय वरडत हुतास? मी लई बोललो तुला.” मी म्हणालो, “अप्पा, तिच्या त्या बारक्या बांगड्या शाबूत राहिल्या, असं सांगत होतो.” त्यांचा चेहरा उजळला. “ऱ्हायल्या व्हय? समद्या?” मी म्हणालो, सगळ्या. “मंग तिला कळालं न्हवं?” मी म्हणालो, व्हय अप्पा, कळालं. “हसली का?” मी म्हणालो, हसली. अप्पांनी मान हलवली. मग म्हणाले, “मंग बरं झालं. लई वाट बगत हुती.”

अप्पांना आता छापलेलं वाचता येत नाही. रविवारची पुरवणी त्यांना महानंदा वाचून दाखवायची, दुकानाच्या पायरीवर बसून, कठीण शब्दाला कानडी प्रतिशब्द देत देत. म्हणूनच मी हे खरंखुरं लिहून टाकू शकलो. पण मंगळवार पेठेतल्या बायाबापड्यांनो, तुम्ही बांगड्या भरायला त्या दुकानात जाल, आणि अप्पा तुमच्यासमोर ही पुरवणी धरतील. माझ्या पोरीवर सुधाकरानं लिवलंय म्हणत्यात, जरा वाचून दावा, असं म्हणतील. नाही म्हणू नका. वाचा. त्या फोनपाशी आलात की, तिला कळलं होतं आणि ती हसली होती, असं वाचा. तसं इथं लिहिलेलं नाही. तरी वाचा.